हाय-स्पीड बोर्डासाठी मेम्स ऑसिलेटर निवडताना

बोर्ड टेबलावर होता, फायबर जोडलेली होती, लिंकचा हिरवा दिवा लागला होता. तरीही दर पाच-सात सेकंदांनी स्क्रीनवरचा चुकलेल्या पॅकेटचा आकडा एकाने पुढे सरकत होता. पुण्यातल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसातली ही गोष्ट. आमचा दहा गिगाबिट इथरनेटचा तो पहिला बोर्ड. सगळ्यांचं बोट लगेच एका चिमुकल्या भागाकडे गेलं: ३.२ बाय २.५ मिलिमीटरचा, काळ्या प्लॅस्टिकमधला, १५६.२५ मेगाहर्ट्झचा मेम्स ऑसिलेटर, म्हणजे सिलिकॉनच्या थरथरत्या पट्टीवर चालणारं बोर्डाचं घड्याळ. "क्वार्ट्झच लावायला हवं होतं," आमचे सर म्हणाले. मी गरम हवेने तो भाग उचलला आणि त्याच पॅडवर त्याच फ्रिक्वेन्सीचा क्वार्ट्झ ऑसिलेटर बसवला. चुका कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत. आता त्या वीस-तीस सेकंदांनी येत होत्या.

खरं कारण सापडायला आठवडा गेला. त्या आठवड्यात मी ऑसिलेटरची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचली. ती कशी वाचायची आणि त्यातल्या कुठल्या ओळीपाशी थांबायचं, हे नव्याने बोर्ड करणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

आधी ऑसिलेटर करतो काय ते बघू. ढोल-ताशा पथकात समोरचा ताशा लय धरून ठेवतो आणि मागचे पन्नास ढोल त्याच्यावर पडतात. बोर्डावरचा ऑसिलेटर म्हणजे तो ताशा. चिपमधला प्रत्येक बिट पाठवायचा कधी आणि वाचायचा कधी, हे त्याच्या ठोक्यावर ठरतं. आता ताशा दोन प्रकारे बिघडू शकतो. एक, त्याची लय जरा चढी किंवा जरा उतरती असेल, पण असेल एकसारखी. दोन, सरासरी लय अगदी बरोबर असेल, पण एकेक ठोका किंचित आधी किंवा किंचित उशिरा पडत असेल. पहिल्या दोषाचं माप पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती. दुसऱ्या दोषाला जिटर म्हणतात. ऑसिलेटर विकणारे पीपीएम मोठ्या अक्षरांत छापतात, म्हणून विकत घेणाराही तेवढंच बघतो. हाय-स्पीड बोर्डाला मात्र बहुतेक वेळा जिटरच नडतो.

मग मेम्स आणि क्वार्ट्झ यांच्यात फरक काय? क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. शुद्ध, कारखान्यात वाढवलेली आणि ठरलेल्या कोनात कापलेली. तिला वीज दिली की ती आकसते-फुगते, आणि दाबली की वीज देते. १९२० च्या दशकापासून रेडिओ आणि घड्याळं तिच्यावर चालत आली आहेत. तिचा मोठा गुण तपमानातला आहे. १९३४ मध्ये बेल लॅबमध्ये सापडलेल्या एटी नावाच्या कापामुळे तिची फ्रिक्वेन्सी थंडीपासून उन्हापर्यंत काही दहा पीपीएमच्या आतच हलते.

मेम्स म्हणजे सूक्ष्म विद्युत-यांत्रिक रचना. चिप ज्या सिलिकॉनची बनते त्याच सिलिकॉनमध्ये केसाहून बारीक पट्ट्या कोरायच्या, त्या निर्वात पोकळीत बंद करायच्या आणि विजेने थरथरवायच्या. १९६० च्या दशकात वेस्टिंगहाउसमध्ये हार्वे नॅथन्सन यांनी कंप पावणारी धातूची पट्टी ट्रान्झिस्टरवर बसवून दाखवली होती. पण विकण्याजोगा ऑसिलेटर यायला पुढची चाळीस वर्षं लागली. अडचण बंदिस्तपणाची होती. इतक्या हलक्या पट्टीवर पाण्याच्या वाफेचे किंवा धुळीचे चार रेणू बसले तरी तिचा सूर बदलतो. हजार अंशांहून जास्त तापमानात सिलिकॉनचाच थर चढवून पोकळी बंद करायची युक्ती जमली, तेव्हा २००५ नंतर हे भाग बाजारात उभे राहिले.

सिलिकॉनचा एक मोठा अवगुण आहे. एक अंश तापमान वाढलं की त्याची फ्रिक्वेन्सी सुमारे ३० पीपीएमने उतरते. उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत हिशेब करा, पावणेचार हजार पीपीएम होतात. नुसती पट्टी ऑसिलेटर म्हणून कुचकामी ठरली असती. म्हणून आत दुसरी एक चिप असते. ती तापमान मोजते, पीएलएल नावाच्या सर्किटचा गुणक त्याप्रमाणे सतत बदलते आणि त्यातूनच तुम्हाला हवी ती फ्रिक्वेन्सी काढून देते. मेम्स ऑसिलेटरचे निम्मे गुण आणि जवळपास सगळे दोष या एका गोष्टीतून येतात. गुण असा की पट्टी एकच आणि फ्रिक्वेन्सी वाटेल ती. १५६.२५ हवी असो की १४८.५, कारखान्यात आकडा लिहिला की झालं. दोष असा की पीएलएल आपला आवाज, म्हणजे नॉइज, ठोक्यात मिसळतो.

आता पीपीएमचा हिशेब लवकर उरकू. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे ५० पीपीएमचं घड्याळ दिवसाला ४.३२ सेकंद चुकेल. इथरनेटला १०० पीपीएमपर्यंत इकडे-तिकडे चालतं. एक टोक १०० ने चढं आणि दुसरं १०० ने उतरतं असलं तर दहा गिगाबिटवर फरक सेकंदाला वीस लाख बिटांचा पडतो, आणि पॅकेटांमधली रिकामी जागा कमी-जास्त करून समोरची चिप तो जिरवते. तेव्हा ५० पीपीएमचा भाग घ्या, पण एक बघा. त्या ५० मध्ये सुरुवातीची चूक, तापमान, व्होल्टेजमधला बदल आणि दहा वर्षांचं वय हे सगळं धरलंय, की नुसतं तापमान? काही डेटाशीटमध्ये वय वेगळ्या ओळीत लपलेलं असतं. याहून जास्त वेळ पीपीएमवर घालवू नका. मोबाइल टॉवरचं किंवा अचूक वेळ वाटणारं काम असेल तर प्रकरण वेगळं. तिथे साधा ऑसिलेटर चालतच नाही, तापमान-भरपाई केलेले महाग भाग लागतात.

जिटरकडे येऊ. १५६.२५ मेगाहर्ट्झचा एक ठोका ६४०० पिकोसेकंदांचा. त्यात एक पिकोसेकंद इकडे-तिकडे झाला तर काय बिघडलं? पण दहा गिगाबिटची चिप हा ठोका ६६ ने गुणते आणि १०.३१२५ गिगाबिटचा प्रवाह तयार करते. तिथे एक बिट फक्त ९७ पिकोसेकंदांचा असतो. गुणताना पिकोसेकंदातला जिटर तेवढाच राहतो, बिट मात्र आक्रसतो. शिवाय डेटाशीटमधला एक पिकोसेकंद हा सरासरी स्वरूपाचा, म्हणजे आरएमएस आकडा असतो. यादृच्छिक जिटरचा पसारा मोठा असतो. एक लाख कोटी बिटांत एक चूक, एवढीच मुभा धरली तर टोकापासून टोकापर्यंत आरएमएसच्या १४ पट जागा सोडावी लागते. म्हणजे एक पिकोसेकंदाच्या ऑसिलेटरने बिटाचा सातवा हिस्सा खाल्ला. अजून ट्रान्समीटर, बोर्डावरची तार, कनेक्टर आणि रिसीव्हर यांचा वाटा द्यायचाच आहे. २५ गिगाबिटवर बिट ३८.८ पिकोसेकंदांचा होतो आणि तोच ऑसिलेटर त्यातला तिसऱ्याहून अधिक भाग गिळतो. तिथे त्याचा उपयोग नाही.

संगणकात कार्डं जोडणाऱ्या पीसीआयईच्या पिढ्या पाहिल्या की मागणी कशी कडक होत गेली ते दिसतं. १०० मेगाहर्ट्झच्या संदर्भ क्लॉकला तिसऱ्या पिढीत १ पिकोसेकंद आरएमएसची मुभा होती. चौथीत ती ०.५ झाली, पाचवीत ०.१५ आणि सहावीत ०.१. म्हणून "हाय-स्पीडसाठी मेम्स चालतं का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. स्वस्त मेम्स ऑसिलेटरचा जिटर एक ते तीन पिकोसेकंद असतो. मायक्रोकंट्रोलर, यूएसबी, साधं गिगाबिट इथरनेट यांना तो पुरतो. दहा गिगाबिटच्या वर जायचं तर त्याच कंपनीचा कमी जिटरचा, दोन-तीनपट महाग वर्ग घ्यावा लागतो. तिथे आज ०.२ पिकोसेकंद आणि त्याहून कमीचे भाग मिळतात. आमच्या टेबलावरचा भाग कुठल्या वर्गातला होता हे मी आधी तपासलंच नव्हतं. किंमत आणि ५० पीपीएम बघून तो निवडला होता. ती माझी पहिली चूक.

जिटरचा आकडा वाचताना त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ असा पट्टा लिहिलेला दिसेल. ठोक्याचं हलणं संथ असू शकतं किंवा भराभर, आणि कुठल्या वेगापासून कुठल्या वेगापर्यंतचं हलणं मोजलं ते हा पट्टा सांगतो. त्याचा तुमच्या बोर्डाशी थेट संबंध नाही. टेलिफोन कंपन्यांच्या अडीच गिगाबिटच्या जुन्या फायबर जाळ्यापासून तो प्रथा म्हणून चालत आला आहे. तुमच्या लिंकमध्ये खरं काय घडतं? संथ हलण्याबरोबर रिसीव्हर स्वतःही हलतो, म्हणून ते त्याला जाणवत नाही. दहा गिगाबिट इथरनेटमध्ये ही हद्द सुमारे ४ मेगाहर्ट्झची धरतात, पण ती एकदम तुटणारी रेषा नाही: तिच्या जरा खालचं हलणं अर्धवटच पचतं. फार जलद हलणं ट्रान्समीटरचा स्वतःचा पीएलएल गाळून टाकतो. मधे उरतं ते नडतं. त्यामुळे दोन ऑसिलेटरचा एकूण आकडा सारखा असूनही एक चालतो आणि दुसरा चालत नाही, असं होतं.

यावर चांगला उपाय उलट्या बाजूने सुरू करण्याचा आहे. ऑसिलेटरची डेटाशीट उघडण्याआधी एफपीजीएची (हवं ते सर्किट आत भरता येणाऱ्या चिपची) किंवा इथरनेट चिपची उघडा. हाय-स्पीड ट्रान्सीव्हर बनवणाऱ्या कंपन्या संदर्भ क्लॉकच्या फेज नॉइजचं, म्हणजे हलण्याच्या वेगानुसार वाटून दाखवलेल्या जिटरचं, कोष्टक देतात: मूळ फ्रिक्वेन्सीपासून १० किलोहर्ट्झ, १०० किलोहर्ट्झ, १ मेगाहर्ट्झ अंतरावर आवाज किती डेसिबल खाली हवा. ते कोष्टक कागदावर उतरवा आणि ऑसिलेटरच्या फेज नॉइजच्या आलेखावर ठेवून पाहा. आलेख प्रत्येक अंतरावर कोष्टकाच्या खाली हवा. आणि कोष्टक कुठल्या संदर्भ फ्रिक्वेन्सीसाठी दिलंय तेही पाहा, कारण फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की तोच जिटर आलेखात ६ डेसिबल वर दिसतो.

आलेखात गुळगुळीत रेषेवर मधूनच सुया उभ्या दिसल्या तर तिथे थांबा. त्यांना स्पर म्हणतात. पीएलएल अपूर्णांकाने गुणतो तेव्हा त्या येतात, म्हणून मेम्समध्ये त्या जास्त आढळतात. काही आलेखांत त्या काढून टाकलेल्या असतात आणि खाली तशी टीप असते. ती टीप जरूर वाचा.

आता आमच्या बोर्डाकडे परत. चौथ्या दिवशी ओळखीच्या एका लॅबमधून फेज नॉइज मोजणारं यंत्र दोन तासांसाठी मिळालं. १५६.२५ च्या दोन्ही बाजूंना, बरोबर २.२ मेगाहर्ट्झवर, दोन कान उभे होते. ऑसिलेटर बदलला तरी कान तिथेच, फक्त थोडे खाली. २.२ मेगाहर्ट्झ हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा निघाला, कारण शेजारच्या स्विचिंग रेग्युलेटरचा, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन व्होल्टेज उतरवणाऱ्या भागाचा, वेग तोच होता. ऑसिलेटरला ३.३ व्होल्ट थेट त्या रेग्युलेटरच्या तांब्याच्या पट्ट्यातून दिले होते, मधे काही नाही. कान मूळ सिग्नलच्या ६० डेसिबल खाली होते. ऐकायला हे बरंच खाली वाटतं, पण हिशेब करा. ६० डेसिबल खालची अशा कानांची जोडी १५६.२५ मेगाहर्ट्झवर १.४ पिकोसेकंद आरएमएस जिटर देतो. म्हणजे ०.२ पिकोसेकंदाचा महागडा भाग विकत घेतला असता, तरी बोर्डाने त्यावर सातपट घाण टाकली असती.

मी कटरने तो पट्टा कापला. कापलेल्या जागी एक फेराइट बीड, म्हणजे पुरवठ्यातला जलद आवाज अडवणारा मणी, आणि ऑसिलेटरच्या बाजूला १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर भिंगाखाली हाताने जोडले. कान २५ डेसिबलने खाली गेले आणि चुकांचा आकडा थांबला. मग सरांच्या समोर जुना मेम्स भाग परत बसवला. चुका पुन्हा दिसल्या, पण क्वचित. कमी जिटरचा मेम्स मागवून लावला तेव्हा त्या पूर्ण गेल्या. दोष अर्धा पुरवठ्याचा होता आणि अर्धा माझ्या निवडीचा, मेम्स या जातीचा नव्हता.

म्हणून डेटाशीटमध्ये पुरवठ्यातल्या आवाजाचा परिणाम सांगणारी ओळ शोधा. चांगल्या मेम्स भागांमध्ये आतच छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो आणि ते पुरवठ्यातला बराच आवाज पचवतात. इथे ते साध्या क्वार्ट्झ ऑसिलेटरवर मात करू शकतात. तरीही फेराइट बीडची जागा सोडाच. रुपया-दोन रुपयांच्या भागासाठी बोर्ड पुन्हा बनवावा लागणं परवडत नाही.

आउटपुटचा प्रकार तुम्ही निवडत नाही, समोरची चिप निवडते. कमी वेगाला एका तारेवरचा सीमॉस पुरतो. १०० मेगाहर्ट्झच्या पुढे दोन तारांची जोडी लागते, आणि पुढची तिन्ही नावं तिच्या प्रकारांची आहेत. एलव्हीडीएस असेल तर रिसीव्हरच्या तोंडाशी दोन तारांमध्ये १०० ओहम. पीसीआयईच्या एचसीएसएलला प्रत्येक तारेवरून जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, ५० ओहम. एलव्हीपेकलला जोरदार कडा मिळतात, पण करंट जास्त लागतो आणि रोधकांची मांडणी चुकली तर सिग्नल उभाच राहत नाही. एफपीजीएच्या क्लॉक पिनला बहुतेक वेळा मधे कपॅसिटर घालून जोडतात आणि तेव्हा प्रकार थोडा सैल चालतो. डेटाशीट तसं म्हणत असेल तरच करा. पीसीआयईला स्प्रेड स्पेक्ट्रम, म्हणजे फ्रिक्वेन्सी मुद्दाम अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली डोलवणं चालतं, पण त्याच ऑसिलेटरवर इथरनेट चालवायला जाऊ नका. अर्धा टक्का म्हणजे ५००० पीपीएम.

मेम्सची जाहिरात धक्के आणि कंपनांवरून फार होते. ती खरीही आहे. पट्टी इतकी हलकी असते की बोर्ड पडला तरी ती तुटत नाही आणि कंपनाचा तिच्यावर परिणाम क्वार्ट्झपेक्षा पुष्कळ कमी होतो. रेल्वेत, शेतातल्या यंत्रात किंवा ड्रोनवर बसणाऱ्या बोर्डासाठी मी डोळे मिटून मेम्स घेईन. पण पंख्याच्या शंभर-दोनशे हर्ट्झच्या थरथरीने तुमची इथरनेट लिंक तुटते आहे असं कुणी म्हणालं तर आधी शंका घ्या, कारण इतकं संथ हलणं रिसीव्हर सहज पचवतो. ते रडार आणि रेडिओला त्रास देतं.

एक विलक्षण घटना इथे सांगितलीच पाहिजे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका रुग्णालयात नवीन एमआरआय यंत्र बसवताना हेलियम गळला आणि सुमारे ४० आयफोन आणि आयपॅडसारखी उपकरणं बंद पडली. अँड्रॉइड फोन चालू राहिले. हेलियमचा अणू इतका लहान की तो त्या बंद पडलेल्या उपकरणांतल्या मेम्सच्या निर्वात पोकळीत झिरपला आणि पट्टीची थरथर बिघडली. काही दिवसांत वायू बाहेर निघून गेला आणि बहुतेक फोन पुन्हा सुरू झाले. आता हेलियम न शिरणारे भागही मिळतात. पण तुमचा बोर्ड एमआरआयच्या खोलीजवळ बसणार असेल किंवा कारखान्यात हेलियमने गळती तपासणार असाल, तर हा प्रश्न पुरवठादाराला लेखी विचारा.

खरेदीची बाजूही धरून चाला. विचित्र फ्रिक्वेन्सीचा क्वार्ट्झ मागवला तर आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. मेम्समध्ये कोरा भाग तयार असतो, फक्त आकडा भरायचा. नमुन्याच्या टप्प्यावर हा फरक फार मोठा वाटतो. उलट बाजू अशी की चांगले मेम्स बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. म्हणून मी पॅडची मांडणी नेहमी प्रचलित मापाची ठेवतो, जिथे वेळ पडली तर क्वार्ट्झ ऑसिलेटरही बसेल. आणि साध्या मायक्रोकंट्रोलरला १६ मेगाहर्ट्झ हवे असतील तर हा सगळा खटाटोप नको. काही रुपयांचं क्रिस्टल आणि दोन कपॅसिटर पुरतात.

बोर्डावर ऑसिलेटर ज्याला ठोका देतो त्याच्या जवळ ठेवा, पण त्याच्या उष्णतेच्या झोतात नको. खाली जमिनीचा थर अखंड असू द्या आणि स्विचिंग रेग्युलेटरच्या कॉइलपासून दोन-तीन सेंटिमीटर तरी लांब राहा.

पहिला बोर्ड हातात आला की रिकाम्या बोर्डावर मोजून समाधान मानू नका. सगळे रेग्युलेटर पूर्ण भारावर, एफपीजीए गरम आणि पंखा चालू असताना मोजा. एक लाख कोटी बिटांत एकाहून कमी चूक, हे दहा गिगाबिटवर ९५ टक्के खात्रीने सांगायचं तर तीन लाख कोटी बिट एकही चूक न होता जावे लागतात. त्याला सुमारे २९१ सेकंद लागतात, म्हणजे पाच मिनिटंही नाहीत. मी तरी बोर्ड रात्रभर चालू ठेवतो आणि सकाळी आल्यावर आधी तो आकडा बघतो, मग चहा.